22 वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी आणि पेन्शन: हिशोब नेमका कुठे चुकतो

प्रश्न असा आहे. वडील एका कारखान्यात मशिन ऑपरेटर होते. 10 फेब्रुवारी 2003 ला कामावर लागले. सुरुवातीची दोन वर्षं तात्पुरते होते, दर सात महिन्यांनी तीन-चार दिवसांचा ब्रेक मिळायचा. 1 एप्रिल 2005 ला कायम झाले आणि 58 पूर्ण झाल्यावर 31 ऑगस्ट 2025 ला निवृत्त झाले. शेवटचा पगार 27,400 रुपये होता. त्यात बेसिक 9,800, महागाई भत्ता 5,600 आणि बाकीचे घरभाडं, धुलाई, हजेरी भत्ता वगैरे. कंपनीने ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचे, 1,13,077 रुपये दिले. पीएफ कार्यालयाकडून पेन्शन 3,290 रुपये सुरू झाली. तुमच्या हिशोबाने पेन्शन 4,714 यायला हवी होती. तुम्ही विचारता, दोन्हीकडे फसवणूक झाली का?

आधी थेट उत्तर देतो. ग्रॅच्युइटी कमी दिली आहे, आणि फरक 91 हजारांच्या वर जातो. पेन्शनचा आकडा मात्र जवळपास बरोबर आहे. तुम्हाला नेमकं उलटं वाटत होतं, कारण तुमचं सगळं लक्ष पेन्शनवर होतं. माझ्याकडे येणाऱ्या दहा घरांपैकी सात-आठ घरांत असंच होतं. पेन्शन दर महिन्याला पासबुकात दिसते म्हणून टोचत राहते. ग्रॅच्युइटीचा चेक एकदाच येतो, आकडा लाखात असतो, आणि माणूस समाधानाने सही करून मोकळा होतो.

आता ग्रॅच्युइटी. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातलं सूत्र शेवटचा पगार गुणिले 15 भागिले 26 गुणिले नोकरीची वर्षं, एवढंच आहे. हे सूत्र कंपनीच्या हिशोबनीसालाही पाठ असतं, त्यात सहसा कोणी चूक करत नाही. चूक होते ती त्यात भरायच्या दोन आकड्यांत, म्हणजे कोणता पगार धरला आणि किती वर्षं धरली यात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे दोन्ही आकडे कमी धरले आहेत.

कंपनीचा आकडा उलटा सोडवून पाहा. 9,800 गुणिले 15 म्हणजे 1,47,000. त्याला 26 ने भागलं आणि 20 ने गुणलं की बरोबर 1,13,077 येतात. म्हणजे कंपनीने पगार म्हणून फक्त बेसिक घेतलं आणि नोकरी 20 वर्षांची धरली. कोणाचाही हिशोब तपासताना मी पहिलं काम हेच करतो. कंपनीने आकड्यांची फोड दिली नसली तरी रकमेतून ती बाहेर काढता येते.

कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ग्रॅच्युइटीच्या पगारात महागाई भत्ता येतोच. घरभाडं, बोनस, कमिशन, ओव्हरटाइम आणि इतर भत्ते येत नाहीत. त्यामुळे 27,400 वर ग्रॅच्युइटी मागू नका, ती मागणी टिकणार नाही. पण 15,400 वर मिळायलाच हवी. आणि तुमच्याकडे कंपनीच्याच हातचा पुरावा आहे. पगारपत्रकात पीएफची कपात 1,848 रुपये दिसते असं तुम्ही लिहिलंय. 15,400 चे 12 टक्के बरोबर 1,848 होतात. पीएफ कापताना ज्या कंपनीने महागाई भत्ता पगारात धरला, तिने ग्रॅच्युइटीच्या वेळी तो का सोडला, याचं उत्तर तिला देता येणार नाही. शेवटच्या सहा महिन्यांची पगारपत्रकं नीट जपून ठेवा.

26 ने का भागायचं, हाही प्रश्न पुष्कळ जण विचारतात. काही कंपन्या अजूनही 30 ने भागतात. महिन्यात कामाचे दिवस 26, आठवड्याच्या सुट्ट्या वगळून. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच रीत मान्य केली आणि 1987 च्या दुरुस्तीने ती कायद्यातच लिहिली गेली. 15,400 पगारावर एका वर्षाची ग्रॅच्युइटी 26 ने भागून 8,885 रुपये होते, 30 ने भागली तर 7,700. दर वर्षामागे जवळजवळ बाराशेचा फरक.

आता वर्षांकडे येतो, कारण तुमच्या वडिलांचं दुसरं नुकसान इथे झालं आहे.

कंपनी म्हणते नोकरी 1 एप्रिल 2005 पासून, कारण कायमचं पत्र त्या तारखेचं आहे. पण ग्रॅच्युइटीच्या कायद्यात 'कायम' हा शब्द महत्त्वाचा नाहीच. महत्त्वाची आहे ती सलग सेवा. आणि सलग सेवेची व्याख्या अशी आहे की, सेवेत खंड पडला असला तरी आधीच्या बारा महिन्यांत माणसाने 240 दिवस प्रत्यक्ष काम केलं असेल, तर ते वर्ष सलग धरायचं. जमिनीखालच्या खाणीत किंवा आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या ठिकाणी ही अट 190 दिवसांची आहे. शिवाय आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ (काम नसल्याने कंपनीने तात्पुरतं घरी बसवणं), संप (बेकायदा नसलेला) किंवा कामगाराची चूक नसताना बंद पडलेलं काम, यामुळे सेवा तुटत नाही.

सात महिने काम, चार दिवस ब्रेक, पुन्हा सात महिने काम. यात कोणतेही बारा महिने घेतले तरी ब्रेकचे आठ दिवसही जेमतेम निघतात. 240 दिवस सहज भरतात. दिवस मोजताना फक्त मशिनवर उभं राहिलेले दिवस मोजायचे असंही नाही. पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या 240 मध्ये धरायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक विवाद कायद्याखालच्या प्रकरणात 1985 मध्येच सांगितलं आहे, आणि ग्रॅच्युइटीच्या वादात तोच युक्तिवाद करता येतो.

म्हणून नोकरी मोजायची 10 फेब्रुवारी 2003 पासून. 31 ऑगस्ट 2025 पर्यंत 22 वर्षं, 6 महिने आणि 21-22 दिवस होतात. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा असतो, म्हणून 23 वर्षं. 15,400 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 23 म्हणजे 2,04,346 रुपये. मिळाले 1,13,077. फरक 91,269 रुपयांचा.

वडील मार्च 2003 मध्ये लागले असते, तर 23 ऐवजी 22 वर्षंच धरली गेली असती आणि 8,885 रुपये कमी झाले असते. म्हणजे फेब्रुवारीची तारीख सिद्ध करणं हा इथे खरा मुद्दा आहे. कंपनीकडे 2003 चं हजेरीचं मस्टर आता नसेल किंवा 'सापडत नाही' असं सांगतील. तुम्ही घर शोधा. नेमणुकीचं तात्पुरतं पत्र, गेटपास, ईएसआयचं म्हणजे कामगार विमा योजनेचं जुनं कार्ड, 2003-04 च्या बोनसची स्लिप, बँकेचं जुनं पासबुक, कामगार पतपेढीचं कर्जखातं, कारखान्यातल्या क्रीडास्पर्धेचं प्रमाणपत्रसुद्धा चालतं. काही वर्षांपूर्वी एका लूम कामगाराची बाजू मांडताना आमच्याकडे काहीच कागद नव्हता. त्याच्या बायकोने ट्रंकेतून मोठ्या मुलीच्या जन्माच्या वेळचं ईएसआय दवाखान्याचं केसपेपर काढलं. त्यावर कंपनीचं नाव होतं, विमा क्रमांक होता आणि तारीख होती. त्या एका कागदाने त्याची चार वर्षं परत मिळवून दिली. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, कारखान्याशी संबंधित एकही चिठ्ठी टाकू नका.

दोन गोष्टी मात्र आधी वडिलांना विचारून घ्या. 2003 मध्ये त्यांच्याशी शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदवलेला करार झाला होता का? तसं असेल तर तो काळ ग्रॅच्युइटीत धरता येत नाही. आणि सुरुवातीचा पगार कंपनी देत होती की ठेकेदार? ठेकेदार असेल तर कंपनी त्या काळाची जबाबदारी ठेकेदारावर ढकलेल आणि वाद लांबेल. तुमच्या लिहिण्यावरून दोन्ही नसावं, कारण ब्रेकनंतर कंपनीच परत कामावर घेत होती.

ग्रॅच्युइटीसाठी किमान पाच वर्षं नोकरीची अट सगळ्यांना माहीत असते, पण मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ती अट लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दोन वर्षं नोकरी झालेला मुलगा गेला आणि घरच्यांनी ग्रॅच्युइटी मागितलीच नाही, असं मी पाहिलं आहे. तसंच चार वर्षं आणि पाचव्या वर्षात 240 दिवस झाले असतील तर पाच वर्षं भरली, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. चार वर्षं दहा महिन्यांवर राजीनामा दिलेल्यांनी तो वकिलाला जरूर दाखवावा.

आता पेन्शन. तुम्ही 15,000 गुणिले 22 भागिले 70 करून 4,714 काढलेत. सूत्र बरोबर आहे. 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा भागिले 70 असंच काढतात. पण इथेही आत भरलेले आकडे वेगळे आहेत, आणि यावेळी ते नियमानेच वेगळे आहेत.

पगार म्हणजे शेवटचा पगार नव्हे, तर शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी, आणि तीही 15,000 च्या मर्यादेतच. 2014 च्या दुरुस्तीआधी ही सरासरी 12 महिन्यांची असायची. पाच वर्षांपूर्वी वडिलांचा पीएफचा पगार बारा-साडेबारा हजार असेल तर सरासरी 14,000 च्या आसपास येते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पगाराची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 ला 6,500 वरून 15,000 झाली. त्या तारखेच्या आधीची सेवा जास्तीत जास्त 6,500 वर मोजतात आणि नंतरचीच 15,000 पर्यंत. म्हणजे एकाच माणसाच्या सेवेचे दोन भाग करून दोन वेगवेगळ्या पगारांवर हिशोब होतो. पेन्शन कमी आल्याची बहुतेक तक्रार या एका नियमापाशी येऊन थांबते.

तुमच्या वडिलांची पीएफमधली सेवा 1 एप्रिल 2005 पासून दिसते. ऑगस्ट 2014 पर्यंत 9 वर्षं 5 महिने, नंतर 11 वर्षं. पहिल्या भागाचे 6,500 च्या हिशोबाने साधारण 874 रुपये. दुसऱ्या भागाचे 14,000 च्या हिशोबाने 2,200. बेरीज 3,074. सेवा 20 वर्षांच्या वर असल्यामुळे दोन वर्षं वाढवून मिळतात, त्यामुळे एकूण 3,250 ते 3,480 च्या दरम्यान कुठेतरी येईल. 3,290 त्यातच बसतं. वडिलांची प्रत्यक्ष सरासरी आणि विनावेतन दिवस हातात आले की पैशापर्यंत जुळवता येईल.

विनावेतन दिवसांचं जरा सांगतो, कारण ते कोणी पाहत नाही. कंपनी दर महिन्याला पीएफ कार्यालयाला जी माहिती भरते, तिच्यात पगार न मिळालेले दिवस वेगळे दाखवते. त्यांना एनसीपी दिवस म्हणतात. तेवढे दिवस पेन्शनच्या सेवेतून वजा होतात. कधी कधी भरणारा चुकून पगारी रजाही त्या रकान्यात टाकतो. वीस वर्षांच्या सीमेवर असलेल्या माणसाची त्यामुळे दोन वर्षांची वाढ जाऊ शकते. तुमच्या वडिलांना पाच महिन्यांची मोकळीक होती म्हणून ती वाचली. पेन्शनच्या आदेशात सेवा किती दिवसांची धरली ते लिहिलेलं असतं. ते आणि एनसीपीचा आकडा एकदा मागून घ्या.

खरं नुकसान मात्र इथेही 2003 ते 2005 च्या काळातलं आहे. पीएफ कायम झाल्यापासून नव्हे, कामाच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. 2003 मध्ये वडिलांचा पगार 2,900 होता, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. ती दोन वर्षं जवळजवळ दोन महिने कंपनीने पीएफ भरायलाच हवा होता. पेन्शनमध्ये त्याने महिन्याला साधारण दोनशे रुपये वाढले असते, शिवाय दोन्ही वाट्यांचा पीएफ आणि त्यावरचं वीस वर्षांचं व्याज वेगळं. त्यासाठी पीएफ कार्यालयात तक्रार करून कंपनीची चौकशी मागता येते. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. वीस वर्षांपूर्वीचा काळ आहे, चौकशी संथ चालेल. पण ग्रॅच्युइटीच्या दाव्यात 10 फेब्रुवारी 2003 ही तारीख मान्य झाली, तर पीएफ कार्यालयातही तोच आदेश तुमचा सर्वांत भक्कम पुरावा होईल. म्हणून आधी ग्रॅच्युइटी, मग पीएफ, हा क्रम ठेवा.

ही पेन्शन महागाईशी जोडलेली नाही, ती दरवर्षी वाढत नाही. किमान पेन्शन 1 सप्टेंबर 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. एवढ्या पैशात म्हातारपण निघत नाही हे मलाही मान्य आहे आणि त्याबद्दल कामगार संघटना भांडत आल्या आहेत, पण आजचा हिशोब आजच्या नियमानेच करावा लागतो. मर्यादेपेक्षा जास्त पगारावरची पेन्शन, जिचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2022 ला दिला, तिचा तुमच्या वडिलांना फारसा उपयोग नव्हता. पीएफचा पगार 15,400 आणि मर्यादा 15,000, त्यात वाढून वाढणार किती?

तुमचा धाकटा भाऊ दर दोन वर्षांनी नोकरी बदलतो असंही तुम्ही लिहिलंय. त्याला सांगा, प्रत्येक वेळी फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढू नकोस. काढले की तेवढी सेवा शून्य होते आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची किमान सेवा पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते. पैसे काढण्याऐवजी त्याच फॉर्मवर योजनेचं प्रमाणपत्र घेता येतं, किंवा खातं नव्या कंपनीत वळवता येतं. पन्नाशीनंतर, 58 च्या आधी पेन्शन सुरू केली तर प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात होते आणि ती आयुष्यभर राहते. उलट 58 नंतर 60 पर्यंत थांबलं तर वर्षाला 4 टक्के वाढते.

आईबद्दल: वडिलांच्या पश्चात त्यांना पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळेल. त्यासाठी पेन्शनच्या कागदांत आईचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळतं का ते आत्ताच तपासा. पुढे हे काम फार जड जातं.

तुम्हाला लागू नाही, पण नोकरीत असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. पीएफचा सभासद नोकरीत असताना गेला, तर ठेवसंलग्न विमा योजनेत वारसांना जास्तीत जास्त 7 लाख मिळतात. सरासरी पगाराच्या (15,000 च्या मर्यादेत) 35 पट, अधिक खात्यातल्या सरासरी शिल्लकेच्या निम्मे, पण हा दुसरा भाग 1,75,000 पर्यंतच. याचा हप्ता कंपनी भरते, कामगाराच्या पगारातून काहीच कापलं जात नाही, म्हणून पगारपत्रकात त्याचा मागमूस नसतो आणि घरच्यांना पत्ताही नसतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. वडील त्याआधी निवृत्त झाले, त्यामुळे त्यांना 1972 चाच कायदा लागतो. कंपनीने नव्या संहितेचं कारण पुढे केलं तर ऐकू नका. नंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी पगाराची व्याख्या बदलली आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग पगारात धरायचा. 24,000 मोबदल्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 8,000 च असतील, तर ग्रॅच्युइटी आता 12,000 वर काढायची. बेसिक मुद्दाम कमी ठेवण्याची सवय यामुळे मोडेल. ठरावीक मुदतीच्या कामगारांनाही पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. हा बदल मला मनापासून आवडला आहे.

आता करायचं काय. वडिलांनी 'फुल अँड फायनल' कागदावर सही केली म्हणून हक्क गेला असं समजू नका. ग्रॅच्युइटीच्या कायद्याला करारापेक्षा वरचं स्थान आहे, कमी रक्कम घेऊन सही केल्याने कायद्याची रक्कम कमी होत नाही. कंपनीला फॉर्म आय भरून अर्ज द्या. त्यात 23 वर्षं, 15,400 आणि 2,04,346 हे आकडे फोडीसह लिहा, मिळालेले 1,13,077 वजा करून फरक मागा आणि पोचपावती घ्या. रजिस्टर पोस्टानेही पाठवा. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. ती मुदत गेली आहे, म्हणून फरकावर 10 टक्के सरळ व्याज मागा, वर्षाला 9,127 रुपये.

कंपनीने नकार दिला किंवा गप्प राहिली तर फॉर्म एन भरून नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जायचं. त्यासाठी 90 दिवसांची मुदत आहे, योग्य कारण दिलं तर उशीर माफ होतो, पण आता दिवस घालवू नका. तिथे वकील नसला तरी चालतं, कामगार स्वतः किंवा संघटनेचा प्रतिनिधी उभा राहू शकतो. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला अपील करायचं असेल, तर तिला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. म्हणून बऱ्याच कंपन्या तिथपर्यंत न जाता पैसे देतात.

अर्जाचा मसुदा तयार झाला की पाठवण्याआधी एकदा इथे टाका, नाव आणि पीएफ क्रमांक खोडून. सोबत 2003-04 चा जो कागद सापडेल त्याचा फोटोही जोडा. तारीख वाचता येते की नाही ते मी पाहून सांगेन.